मेंदूतील गाठ आणि हार्मोन्स: ‘अंतरा’ इंजेक्शन घेणाऱ्या महिलांनी काय जाणून घ्यावे?

“डॉक्टर, अंतरा इंजेक्शनने मेंदूत गाठ होते असं मोबाइलवर आलंय. बंद करू का?” असा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल, तर घाबरून पुढचा डोस चुकवण्याआधी हा लेख पूर्ण वाचा. या बातमीत तथ्य आहे, पण ते नेमके किती आणि कोणासाठी, हे समजून घेणे गरजेचे आहे.

कोणत्या गाठीचा हार्मोन्सशी संबंध असतो?

मेंदूतील सगळ्या गाठी सारख्या नसतात. हार्मोन्सशी सर्वात स्पष्ट संबंध दिसतो तो मेनिंजिओमा या गाठीचा. ही गाठ मेंदूच्या पेशींपासून नाही, तर मेंदूभोवतीच्या आवरणापासून तयार होते. बहुतेक मेनिंजिओमा कॅन्सरचे नसतात आणि हळूहळू वाढतात. मात्र कवटीत जागा मर्यादित असल्यामुळे साधी गाठही मेंदूवर किंवा डोळ्याच्या नसेवर दाब आणू शकते.

मेंदूच्या पेशींपासून होणाऱ्या ग्लायोमा या गाठींबाबत हार्मोन्सचा असा ठोस संबंध सिद्ध झालेला नाही.

हार्मोन्समुळे गाठ कशी वाढते?

मेनिंजिओमा पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये साधारण दुप्पट आढळतो. यातील बहुसंख्य गाठींच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन या स्त्री-हार्मोनचे रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे पेशीचे कुलूप आणि हार्मोन म्हणजे त्याची किल्ली. किल्ली लागली की पेशीला वाढण्याचा संदेश मिळू शकतो. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन खूप वाढते. त्या काळात काही स्त्रियांची आधीपासूनची गाठ मोठी होते आणि बाळंतपणानंतर कधी कधी लहानही होते.

‘अंतरा’चा संबंध काय?

अंतरा हे दर तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन 2017 पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात मोफत दिले जाते. त्यात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम हार्मोन असते.

मार्च 2024 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फ्रान्समधील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मेनिंजिओमाची शस्त्रक्रिया झालेल्या 18,061 स्त्रियांची तुलना 90,305 इतर स्त्रियांशी केली होती. हे इंजेक्शन वर्षभर किंवा अधिक काळ घेणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रिया लागणाऱ्या मेनिंजिओमाचा धोका सुमारे 5.6 पट आढळला.

आकडा मोठा वाटतो, पण मुळात हा आजारच कमी जणांना होतो. त्यामुळे कितीतरी पट वाढूनही एका स्त्रीचा प्रत्यक्ष धोका कमीच राहतो. शिवाय या अभ्यासात हे इंजेक्शन घेतलेल्या स्त्रिया फारच थोड्या होत्या: शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 9 आणि इतरांपैकी 11. म्हणून 5.6 हा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा.

मग इंजेक्शन बंद करावे का?

फक्त बातमी वाचून बंद करू नका. दुसरे साधन न वापरता इंजेक्शन सोडले, तर नको असलेली गर्भधारणा, त्यातून गर्भपात किंवा जोखमीचे बाळंतपण हा धोका अधिक जवळचा आहे. मात्र पुढील गोष्टी लक्षात ठेवा:

- तुम्हाला मेनिंजिओमा असेल किंवा पूर्वी झाला असेल, तर हे इंजेक्शन घेऊ नका.
- एक वर्षाहून अधिक काळ घेत असाल, तर पुढच्या डोसच्या वेळी डॉक्टरांशी पर्यायांबद्दल बोला.
- तांबी आणि निरोध यांत हार्मोन नसते. ‘छाया’ या सरकारी गोळीतही प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन नसते.
- गर्भाशयात बसवायच्या लिव्होनॉर्जेस्ट्रेलयुक्त साधनाने धोका वाढल्याचे वरील अभ्यासात दिसले नाही.

चेहऱ्यावरील केस आणि मुरुमांची औषधे

पीसीओडीमध्ये दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत सायप्रोटेरॉन असते. जास्त डोस दीर्घकाळ घेतल्यास मेनिंजिओमाचा धोका वाढतो. म्हणून 2020 मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने त्याच्या वापरावर मर्यादा घातल्या. आपल्याकडे पीसीओडीसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत डोस सहसा 2 मिलिग्रॅम, म्हणजे बराच कमी असतो. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे त्याच गोळ्या घेत राहू नका.

गाठच हार्मोन तयार करते तेव्हा

पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीत उलटे घडते, कारण काही गाठी स्वतःच हार्मोन बनवतात. प्रोलॅक्टिन वाढले तर पाळी बंद होते, बाळ नसतानाही स्तनातून दूध येते, मूल राहण्यास अडचण येते. पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होते. रक्ततपासणीत प्रोलॅक्टिन वाढलेले दिसले म्हणजे गाठच आहे असे नाही. उलटीवरील आणि मानसिक आजारांवरील काही औषधांनीही ते वाढते. अशी गाठ असली, तरी बहुतेकदा ती गोळ्यांनीच आटोक्यात येते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

- नव्याने सुरू झालेली, वाढत जाणारी, सकाळी जास्त जाणवणारी डोकेदुखी
- नजर अंधूक होणे किंवा बाजूचे न दिसणे
- एका कानाने कमी ऐकू येणे, वास न येणे
- स्वभावात किंवा स्मरणशक्तीत बदल

आकडी आली, हातापायातली शक्ती अचानक गेली किंवा दिसेनासे झाले, तर थांबू नका. 108 वर फोन करा किंवा घाटीसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

कोणतीही लक्षणे नसताना केवळ इंजेक्शन घेतले म्हणून एमआरआय करण्याची गरज नाही. मात्र डोकेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेल्यावर तुम्ही घेत असलेल्या गोळ्या आणि इंजेक्शनांची माहिती आवर्जून सांगा. पाळीची किंवा कुटुंबनियोजनाची औषधे सांगायला अनेक जणी संकोचतात, पण निदानासाठी तीच माहिती महत्त्वाची ठरू शकते.