दोष शेतकऱ्याच्या डोक्यात नाही

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करू लागला. नोंद चुकली की निदान ठरलेले: शेतकरी अडाणी, त्याला प्रशिक्षण द्या. हे निदान मला साफ अमान्य आहे.

कागल, करवीर, शिरोळचा कोणताही ऊसकरी घ्या. कारखान्याच्या गट ऑफिसात तो न अडखळता नोंद देतो: आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, लागणीची तारीख, जात को 86032, क्षेत्र इतके गुंठे. काट्याची पावती पाहून बिलाचा हिशेब तोंडी मांडतो. हाच माणूस मोबाइलसमोर चाचरत असेल, तर अडाणीपणाचे कारण टिकत नाही. कारखाना त्याला पिकाच्या अंगाने, गुंठ्यांत विचारतो; ॲप दप्तराच्या अंगाने, हेक्टर-आरमध्ये. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस दीडेक वर्ष रानात उभा असतो. महसुली वर्ष मात्र 1 ऑगस्टला सुरू होऊन 31 जुलैला संपते. शेतकऱ्याच्या लेखी सलग असलेले पीक दप्तरात तुटते.

प्रतिपक्षाचा बळकट मुद्दा असा की, कायद्याचे दप्तर हेक्टर-आरमध्येच हवे. मान्य. ‘आर म्हणजे गुंठाच’ असे बोलण्यात सर्रास धरले जाते; पण गुंठा 101.17 चौरस मीटरचा, आर 100 चा. एकरामागे सुमारे 47 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा, इकडचा तिकडे होतो, आणि वाटण्यांनी तुकडे झालेल्या रानात त्यावरून भाऊबंदकी पेटते. म्हणूनच रूपांतर यंत्राने करायला हवे. साठवण्याचे माप एक आहे, म्हणून विचारायचेही त्याच मापात, हे कोणत्या तर्कात बसते?

रचनातज्ज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 मध्येच दाखवले होते की, रचनाकाराच्या मनातले चित्र आणि वापरणाऱ्याच्या मनातले चित्र यांची गाठ फक्त समोरच्या वस्तूत पडते. ती गाठ पडलीच नाही, तर चूक झाल्याचेही कळत नाही. मग सुधारित आवृत्तीत दुरुस्तीला दिलेले 48 तास कशाला पुरणार?

राजर्षी शाहूंनी 1918 मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा दप्तर वंशपरंपरेच्या मुठीतून सुटले. आज ते शेतकऱ्याच्या हाती आले आहे, तर त्याला कळेल असेच उघडले पाहिजे. 22 गुंठे लिहिताच पडद्यावर ‘22 आर 26 चौ.मी.’ उमटावे, लागणीची तारीख देताच पीक उभे असेल त्या सर्व महसुली वर्षांच्या नोंदी ॲपने स्वतः पुढे कराव्यात आणि शेतकऱ्याने त्या फक्त तपासाव्यात.