तुस्कानो : एका आडनावाचा प्रवास

वसईकडील एखादे धर्मगुरू अथवा धर्मभगिनी नगर जिल्ह्यात सेवेसाठी येतात, तेव्हा त्यांचे ‘तुस्कानो’ हे आडनाव ऐकून आमच्या सोनई परिसरातील गायकवाड, साळवे, शिंदे कुटुंबांना कुतूहल वाटते. ही मंडळी मूळची परदेशी काय, असे कोणी विचारतो. उलट आपली आडनावे मराठी, म्हणून आपण ख्रिस्ती या नात्याने थोडे उणे, अशी खंतही काहींच्या मनात असते. या दोन्ही समजुती इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘तोस्कानो’ म्हणजे इटलीतील तोस्काना प्रांताचा रहिवासी. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना ही तेथील नगरे. आपल्याकडील पैठणकर, नगरकर यांसारखेच हे आडनाव. परंतु सोनईत राहणाऱ्यास कोणी सोनईकर म्हणत नाही. परमुलखी गेल्यावरच गावाची ओळख नावाला चिकटते. म्हणूनच तोस्कानो हे आडनाव दूर दक्षिणेकडील कालाब्रिया व सिसिली या प्रांतांत विशेष आढळते. रोमानो, जेनोव्हेझे ही आडनावेही याच रीतीने घडली.

हे आडनाव पोर्तुगालमध्येही आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत फ्लॉरेन्सचे व्यापारी लिस्बनमध्ये स्थायिक झाले होते. त्यांपैकी बार्तोलोमेओ मार्क्योन्नी याने १५०० साली भारताकडे निघालेल्या काब्रालच्या ताफ्यात भांडवल गुंतविले होते.

सन १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे तेथील अनेक स्थानिक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूंचे आडनाव देण्याची त्या काळी प्रथा होती. लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज, तुस्कानो ही आडनावे वसईच्या वाड्यांत रुजली ती अशी. ती रक्ताच्या नात्याची निशाणी नव्हेत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालील संगमरवरी चौथरा तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने पाठविला व १६९८ साली तो उभारला गेला. तो खरोखरच तोस्कानाहून आला. वसईचे तुस्कानो मात्र वसईचेच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले; ही कुटुंबे आपली शेतीवाडी, आपली बोली आणि आपली श्रद्धा जपत तेथेच राहिली.

आमच्या जिल्ह्याची कथा निराळी. येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केंदळ, वळण या भागांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरू आले. राज्य इंग्रजांचे होते, पोर्तुगीजांची प्रथा येथे नव्हती. त्यामुळे बाप्तिस्म्यानंतरही गायकवाड हे गायकवाडच राहिले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांचेही आडनाव बदलले नाही. त्यांच्या श्रद्धेस त्यामुळे काही उणेपणा आला, असे कोण म्हणेल?

तात्पर्य, आडनावातील हा भेद श्रद्धेचा नव्हे. दोन काळांतील दोन प्रथांचा आहे. तुस्कानो जितके मराठी, तितकेच गायकवाड ख्रिस्ती. सोयरीक जुळविताना किंवा धर्मग्रामात एकमेकांचा मान राखताना हे ध्यानी असावे. बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना बाळाचे नाव विचारतात आणि त्याच नावाने त्याच्या मस्तकावर पाणी ओततात. आडनाव तेथे कोणी विचारीत नाही.