सोयाबीन आपलं, टोफू त्यांचा

पावसाळ्यात आमच्या धाराशिव जिल्ह्यात कळंबकडे जा की तुळजापूरकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनच दिसतं. माझ्या लहानपणी याच रानांत खरिपाला ज्वारी, मूग, उडीद, तूर असायची. सोयाबीन हा शब्द गावात कुणी ऐकलेला नव्हता. आज ते आमचं मुख्य पीक आहे, आणि तरीही आमच्या चुलीला ते परकंच!

हे मनात आलं ते पुण्यात. लेकीने एका शाकाहारी हॉटेलात व्हिएतनामी जेवायला नेलं. तांदळाच्या पातळ पापडीत कच्च्या भाज्या, पुदिना आणि टोफू गुंडाळलेला. पापडी आपल्या सालपापडीची सख्खी बहीण, वाफवून उन्हात वाळवलेली. मग ‘फो’, म्हणजे तांदळाच्या शेवयांचा रस्सा. एरवी तो गोमांसाचा असतो. इथे मात्र मशरूम, मुळा, भाजलेलं आलं, दालचिनी आणि चक्रीफूल. मला तर फारच आवडलं.

व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला ‘चाय’ म्हणतात. आपल्या चहाशी त्याचा काही संबंध नाही बरं का! व्रत, संयम या अर्थाच्या चिनी शब्दावरून तो आला. तिथले अनेक बौद्ध चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासळी वर्ज्य करतात, आपल्याकडे एकादशी पाळतात तसं. माशाच्या सॉसऐवजी मग सोयाबीनचा सॉस येतो आणि मांसाऐवजी टोफू. उत्तर व्हिएतनाम जवळजवळ हजार वर्षं चिनी सत्तेखाली होतं. ही विद्या तिकडूनच आली.

आपल्याकडे प्रयत्नच झाला नाही असं नाही. १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत जेवणात सोयाबीनचा प्रयोग केला आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिलं. पण ते घरोघरी पोचलं नाही. कारण साधं आहे. सोयाबीनला उग्र वास असतो, त्याची डाळ तुरीसारखी मऊ शिजत नाही, आणि कच्चं राहिलं तर पोटाला बाधतं. टोफू करणाऱ्यांनी यावर फार पूर्वीच तोड काढली. दाणे भिजवायचे, वाटायचे, उकळून गाळायचे, दूध नासवायचं आणि दाबून वडी पाडायची. आपण पनीर करतो तसंच.

आपल्याकडे सोयाबीन आलं ते गिरणीच्या वाटेने. १९६०च्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने त्यावर काम केलं, पुढे मध्य प्रदेशात ते पसरलं, मग विदर्भात आणि मराठवाड्यात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने आपल्या हवामानाला साजेसे वाण दिले. साधारण शंभर दिवसांत पीक हाती येतं, दसरा-दिवाळीला पैसा येतो, रान रब्बीला मोकळं होतं. शेतकऱ्याने ते धरलं यात नवल नाही.

पण गिरणीत दाण्याचं काय होतं? साधारण पाचवा हिस्सा तेल निघतं. उरलेली पेंड, जिच्यात सगळी प्रथिनं असतात, ती मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात किंवा परदेशी जाते. २०२१ साली सोयाबीन क्विंटलमागे दहा हजारांच्या घरात गेलं, तेव्हा कोंबडीखाद्य महागल्याची ओरड झाली आणि केंद्राने १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. भाव उतरले. पुढे २०२४-२५ साठी हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात तेवढेही मिळेनात.

गोरोबाकाकांच्या तेरचा हा जिल्हा. इथे गळ्यात माळ घालून मटण सोडलेले कितीतरी शेतकरी आहेत. त्यांच्या घामाचा भाव मात्र कोंबडीच्या भुकेवर ठरतो. २०२५च्या सप्टेंबरात परंडा-भूमकडे पुराने उभं पीक नेलं. ज्याचं वाचलं, त्याला पुन्हा त्याच एका गिऱ्हाइकाच्या दारी जावं लागलं.

टोफू केला म्हणून हमीभाव मिळेल असं मी म्हणत नाही. पण बाया-बापड्यांना आणि शाळेतल्या पोरांना प्रथिनं कमी पडतात, तिथून दहा पावलांवर ती पोत्यात भरून तालुक्याला जातात. ज्या धान्याला घरात गिऱ्हाईक नाही, त्याचा मालक बाजारात कायम दुबळाच राहणार. व्हिएतनामी ताटातली ती पांढरी वडी खाताना चव छान लागली, आणि हेही लागलं.