पीसीच्या पोटातला पीसी

मंडळी, या वीकेंडला इतिहास. पण शिवकालीन नाही, आपल्या धंद्यातला!

आमच्या तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या जुन्या प्रिंटिंग प्रेसचा विचार करा. लग्नपत्रिका, शाळेचे वार्षिकांक, यात्रेची हँडबिलं. सगळं पेजमेकरमध्ये, श्री-लिपी नाहीतर आकृतीच्या फॉन्टमध्ये. हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे. त्यामुळे फाइल नव्या मशीनवर उघडली की मराठीऐवजी एबीसीडीची खिचडी. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, सोबत र. कृ. जोशींचा मंगल फॉन्ट. पण आधीच्या फायली राहिल्या तशाच.

आणि ते जुनं सॉफ्टवेअर धड चालतं विंडोज ९८ किंवा एक्सपीवर. ९८चा सपोर्ट २००६ मध्ये संपला, एक्सपीचा एप्रिल २०१४ मध्ये. जुना डबा किती दिवस सांभाळणार? हार्डडिस्क एक दिवस मान टाकतेच. मग तो डबाच नव्या डब्याच्या पोटात ठेवला तर?

ही कल्पना साठच्या दशकातली. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या सेंटरमध्ये सीपी-४० आणि मग सीपी-६७ तयार झालं. मेनफ्रेम एकच, पण प्रत्येकाला वाटावं की अख्खं मशीन माझंच. १९७२ मध्ये त्यातूनच व्हीएम/३७० आलं.

पीसीवर मात्र गाडी अडली. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये अट मांडली होती: मशीनच्या नाजूक भागाला हात लावणारी प्रत्येक सूचना पाहुण्या सिस्टिमने चालवली, की कंट्रोल मालकाकडे आला पाहिजे. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अशा १७ सूचना निघाल्या, ज्या मालकाला न विचारताच चालायच्या. म्हणजे घरात पाहुणा, आणि तिजोरी उघडी! १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर जुगाड काढला: अशा सूचना चालता चालताच बदलून टाकायच्या. मे १९९९ मध्ये त्यांचं डेस्कटॉपवरचं प्रॉडक्ट आलं. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीने ही सोय थेट चिपमध्येच दिली. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स ओपन सोर्स झालं; पुढे ते सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं.

तर प्रेसवाल्या भाऊंसाठी कृती अशी. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन ऑन करा. व्हर्च्युअलबॉक्स टाका, नवं मशीन बनवा, ५१२ एमबी रॅम पुष्कळ झाली. मूळ सीडी आणि की वापरून एक्सपी चढवा. नेटवर्क बंदच ठेवा, कारण त्याला आता सिक्युरिटी पॅच मिळत नाहीत. सगळं नीट चाललं की स्नॅपशॉट घ्या. बिघडलं तर पुन्हा तिथूनच सुरू.

एक अडचण मात्र खरी आहे. काही मराठी पॅकेजना पॅरलल पोर्टवर लावायचा डोंगल लागायचा. तो हरवला असेल, तर व्हर्च्युअल मशीनही काही करू शकत नाही.

आणि व्हर्च्युअल मशीन म्हणजे कोठार आहे, उपाय नव्हे. फाइल उघडली की पीडीएफ काढा, मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि प्रूफ वाचा. जोडाक्षरं हमखास बिघडतात.

गावाचा वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास अशा हार्डडिस्कवर पडून आहे. शाळेच्या गॅदरिंगच्या अंकात कुणाची पहिली कविता असेल, कुणाच्या आजोबांचं नाव असेल. दिवाळीत गावी गेलात की लॅपटॉप घेऊन एक दुपार प्रेसमध्ये बसा. चहा भाऊ पाजतीलच :)