सातवाहनांची नाणी आणि तेलुगूचा उगम

सातवाहन कोणाचे, आंध्रांचे की महाराष्ट्राचे, हा वाद आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. पुराणे या राजांना आंध्र म्हणतात खरी. पण नाणेघाटातील नागनिकेच्या लेखात, किंवा नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राची जी प्रशस्ती कोरविली तीत, 'आंध्र' हा शब्द शोधूनही सापडत नाही. दोन्ही लेख प्राकृतात आहेत. राजधानी गोदातीरीचे पैठण. राज्य मात्र पुढे कृष्णाकाठी अमरावतीपर्यंत पसरले.

मग तेथील प्रजा बोलत काय होती? याचे थोडेसे उत्तर नाणी देतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूस राजाचा मुखवटा व प्राकृत लेख आहे, आणि दुसऱ्या बाजूस तोच मजकूर एका द्राविडी भाषेत आहे. प्राकृतात जेथे 'पुत्र' या अर्थाचा शब्द आहे, तेथे पलीकडे 'मकन' असे रूप येते. ही भाषा कोणी तमिळ मानतात, कोणी आद्य तेलुगू. मुलाला तेलुगूत 'कोडुकु' म्हणतात, तेव्हा आमचा कल तमिळकडे आहे. पण एवढ्या एका शब्दावर निकाल देणे धाडसाचे होईल. राजाज्ञा प्राकृतात निघत, पण हातोहात फिरणाऱ्या पैशावर लोकभाषेला जागा द्यावी लागली, ही गोष्ट आम्हांस राजांच्या कुळापेक्षा मोलाची वाटते.

तेलुगू संस्कृतातून निघाली, ही समजूत मद्रासच्या एलिस नामक अधिकाऱ्याने 1816 साली खोडून काढली. शब्द कितीही उसने घेतले, तरी तिची क्रियापदे आणि सर्वनामे घरचीच आहेत. ती तमिळची कन्याही नव्हे. तिचे जवळचे गणगोत म्हणजे गोंडी, कुई, कोंडा या बोल्या. त्यांतील गोंडी तर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात आजही कानी पडते. दरबारचा वाद घालणाऱ्यांचे लक्ष या नात्याकडे क्वचितच जाते!

सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकात मावळली. संपूर्ण तेलुगूत कोरलेला पहिला ज्ञात शिलालेख मात्र कडप्पा जिल्ह्यातील कलमल्ल येथला, सुमारे इ. स. 575 चा, रेनाडूच्या चोळांचा. त्यानंतर अकराव्या शतकात, राजमहेंद्रीच्या राजराज नरेंद्राच्या आश्रयाने, नन्नय भट्टाने महाभारत तेलुगूत आणावयास घेतले. तेही त्याच गोदावरीच्या काठी, पैठणच्या पुष्कळ खाली.