छायाचित्राची दुसरी प्रत

छायाचित्रणाचा इतिहास सांगावयाचा म्हणजे भिंगे, रसायने आणि यंत्रे यांच्या सुधारणेची हकिकत सांगावयाची, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या इतिहासाला दुसरीही एक बाजू आहे. चित्र टिपले गेले हे खरे. पण पुढे ते टिकले कशामुळे? हा प्रश्न विचारला म्हणजे असे दिसून येते की, जुन्या काळची जी छायाचित्रे आज आपल्यासमोर आहेत, त्यांतील पुष्कळशी एका साध्या कारणाने वाचली. त्यांची कोठे ना कोठे दुसरी प्रत होती.

1839 साली पॅरिस येथे लुई दागेर यांची कृती जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर ते चित्र उमटवीत असत. हे चित्र विलक्षण रेखीव येई; परंतु ते एकुलते एक असे. त्यावर नुसते बोट फिरले तरी ते बिघडे आणि पत्रा गहाळ झाला तर चित्र कायमचे जाई. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॉल्बट हे निराळ्या वाटेने चालले होते. ते कागदावर प्रथम उलटे चित्र घेत, म्हणजे प्रकाशाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी प्रकाश. आणि त्यावरून हवी तितकी सुलटी चित्रे काढीत. 1841 साली त्यांनी या पद्धतीच्या सुधारलेल्या रूपाचे पेटंट घेतले. रेखीवपणात ही चित्रे दागेर यांच्या चित्रांपेक्षा उणी होती. तथापि पुढील सुमारे दीडशे वर्षांचे छायाचित्रण टॉल्बट यांच्याच तत्त्वावर चालले, याचे मुख्य कारण म्हणजे त्यात प्रतीची सोय होती.

या सोयीचे मोल इंदूर आणि हैदराबाद येथील वाचकांना एका जवळच्या उदाहरणावरून सहज कळेल. लाला दीनदयाळ हे इंदुरात सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस होते. तेथेच त्यांनी कॅमेरा हाती घेतला. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार म्हणून त्यांचा लौकिक झाला आणि ते राजा दीनदयाळ म्हणून ओळखले जाऊ लागले. 1905 साली त्यांचे निधन झाले. त्यांनी काढलेली चित्रे राजवाड्यांत, संग्रहांत आणि परदेशांत विखुरली. परंतु काचेच्या निगेटिव्ह पाठीमागे राहिल्या होत्या. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने 1989 साली अशा 2,857 काचा मिळविल्या. छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनीही त्या काळची माणसे, इमारती आणि समारंभ पुन्हा कागदावर उतरविणे त्यामुळे शक्य झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. निगेटिव्ह जपून ठेवावी असा निश्चय त्या काळच्या प्रत्येक कुटुंबाने केला होता असे नाही. चित्र काढण्याच्या क्रियेतच ती आपोआप निर्माण होई. लग्नाचा अल्बम घरच्या कपाटात असे आणि निगेटिव्ह एखाद्या पाकिटात वा स्टुडिओवाल्याच्या खणात पडून राही. दुसरी प्रत कोणी मागितली नव्हती. ती फुकट मिळत होती.

ही फुकटची सुरक्षितता डिजिटल कॅमेऱ्याने काढून घेतली. 1975 साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने फिल्मवाचून चालणारा कॅमेरा बनविला. त्याचे कृष्णधवल चित्र 100 आडव्या व 100 उभ्या बिंदूंचे असे आणि ते ध्वनिमुद्रणाच्या साध्या कॅसेटवर उतरण्यास 23 सेकंद लागत. पुढे कॅसेटची जागा एका चिमुकल्या तबकडीने घेतली. जपानमधील तोशिबा कंपनीचे संशोधक फुजिओ मासुओका यांनी वीज बंद झाल्यावरही नोंद राखणारी एक नवी स्मृती शोधून काढली आणि 1984 साली ती विद्वानांपुढे मांडली. तिला ‘फ्लॅश’ हे नाव त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचविले. तिच्यातील मजकूर एका दमात पुसला जातो, ते पाहून त्याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या लखलखाटाची आठवण झाली होती. ज्या वस्तूला आज जग मेमरी कार्ड म्हणते, तिच्यातील स्मृतीचे बारसे तिच्या पुसण्याच्या गुणावरून झाले!

हे नाव अर्थपूर्ण आहे. कार्डातील प्रत्येक सूक्ष्म घरात विजेचा किंचित भार कोंडून ठेवलेला असतो आणि त्या भारावरून नोंद वाचली जाते. प्रत्येक लिहिण्यापुसण्यात त्या घराचे आवरण थोडे झिजते आणि दीर्घकाळ पडून राहिल्यास भारही हळूहळू गळतो. शिवाय कार्ड भरले की ते मोकळे करून पुन्हा वापरावयाचे, अशीच त्याची योजना आहे. 1999 साली तीन कंपन्यांनी मिळून जाहीर केलेले एस्‌डी कार्ड टपालाच्या तिकिटाएवढे असते. त्यावर हजारो चित्रे मावतात आणि तितक्याच सहजपणे ती एकदम नाहीशीही होतात. सारांश, कार्ड हे चित्र वाहून नेण्याचे साधन आहे; त्याला तिजोरी मानणे ही चूक आहे. डिजिटल चित्र दागेरच्या पत्र्याप्रमाणे पुन्हा एकुलते एक झाले आहे, आणि त्याची दुसरी प्रत कोणीतरी मुद्दाम केल्याखेरीज होत नाही.

ती प्रत कशी असावी, हे मात्र अनुभवाने महागात शिकविले आहे. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मांच्या भांडारास आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा अमोल ठेवा जळाला. ज्यांच्या प्रती अन्यत्र होत्या, तेवढेच चित्रपट उरले. एकाच छपराखाली ठेवलेल्या दहा प्रतींना आग एकच प्रत समजते.

दुसरा दाखला अमेरिकेतील पिक्सार या संस्थेचा. 1998 साली ‘टॉय स्टोरी 2’ हा चित्रपट तयार होत असता एका चुकीच्या आज्ञेने संगणकातील त्याचा बहुतेक भाग पुसला गेला. राखीव प्रत होती, पण ती नीट उतरतच नव्हती आणि तिची कोणी परीक्षा घेतली नव्हती. अखेर बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गेलिन ससमन यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत सापडली आणि चित्रपट वाचला.

तिसरा दाखला चंद्राचा आहे. 1966-67 साली ‘लूनर ऑर्बिटर’ यानांनी पाठविलेली चंद्राची चित्रे सुमारे 1,500 चुंबकीय फितींवर होती. त्या फिती आणि त्या वाचणारी अवजड यंत्रे नॅन्सी इव्हान्स या बाईंनी हट्टाने सांभाळली; यंत्रे तर त्यांच्या घरच्या गॅरेजमध्येच पडून होती. म्हणूनच 2008 साली त्यांतून चित्रे पुन्हा काढता आली. वाचणारे यंत्र नसते, तर फिती शाबूत असूनही मुक्याच राहिल्या असत्या.

या साऱ्या अनुभवांचे सार पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने प्रचलित केलेल्या एका नियमात आले आहे. चित्राच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांतील एक तरी निराळ्या गावी वा निराळ्या घरी असावी. एक प्रत संगणकावर, दुसरी हार्ड डिस्कवर आणि तिसरी परगावी राहणाऱ्या लेकीकडे, एवढी व्यवस्था सामान्य कुटुंबालाही झेपण्यासारखी आहे. दोन प्रती उघडून पाहिल्यावाचून कार्ड पुसू नये. चुकून पुसलेच, तर त्यावर नवे चित्र मुळीच घेऊ नये. कारण पुष्कळदा फक्त यादी पुसली गेलेली असते आणि तिच्यामागील चित्रे जाणकाराला परत मिळविता येतात. दरवर्षी एखाद्या ठरलेल्या दिवशी, दिवाळीच्या साफसफाईबरोबर म्हणा, हार्ड डिस्क उघडून पाहावी आणि ती जुनी झाली असल्यास तिच्यातील चित्रे नव्या साधनावर उतरवून घ्यावीत.

पूर्वी पोथी जीर्ण होण्याआधीच तिची नक्कल करून घेण्याचा प्रघात होता आणि कित्येक ग्रंथ मूळ प्रत नाहीशी होऊनही त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचले. आईवडिलांचे चेहरे नातवंडांना पाहावयास मिळावेत असे ज्यांना वाटते, त्यांनी नक्कल करणाऱ्याचे तेच जुने काम आता आपल्या घरात सुरू करावयास हवे.