ओहेअर, एडवर्ड हेन्री ‘बुच’

(१३ मार्च १९१४ – २६ नोव्हेंबर १९४३). अमेरिकी नौदलाचे लढाऊ वैमानिक. दुसऱ्या महायुद्धात ‘मेडल ऑफ ऑनर’ हा देशाचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळवणारे नौदलाचे पहिले वैमानिक.

जन्म मिसूरी राज्यातील सेंट लुइस येथे. त्यांचे वडील वकील होते. कुप्रसिद्ध टोळीप्रमुख अल कपोन याला करचुकवेगिरीबद्दल शिक्षा व्हावी म्हणून त्यांनी सरकारला साहाय्य केले होते. १९३९ मध्ये शिकागोत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. बुच १९३७ मध्ये ॲनापोलिसच्या नौदल अकादमीतून पदवीधर झाले. ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर दोन वर्षे काढल्यावर त्यांनी फ्लॉरिडातील पेन्साकोला येथे वैमानिकाचे प्रशिक्षण घेतले. पुढे जॉन थॅच यांच्या स्क्वाड्रनमध्ये तिरक्या कोनातून नेम साधण्याचे त्यांचे कसब पक्के झाले.

२० फेब्रुवारी १९४२ रोजी ‘लेक्सिंग्टन’ ही विमानवाहू नौका राबाउलवरील नियोजित हल्ल्यासाठी निघाली असता जपानी बॉम्बफेकी विमानांनी तिला गाठले. बहुतेक अमेरिकी लढाऊ विमाने पहिल्या तुकडीशी झुंजत असताना आठ ‘बेट्टी’ विमानांची दुसरी तुकडी वेगळ्या दिशेने आली. तिच्या वाटेत दोनच ‘वाइल्डकॅट’ विमाने होती. त्यांपैकी ओहेअर यांच्या सहकाऱ्याच्या मशीनगन अडकल्या. ओहेअर यांच्या चार मशीनगनमधील दारूगोळा जेमतेम अर्धा मिनिट पुरणारा होता. तरीही काही मिनिटांत त्यांनी एकट्याने वारंवार चढाई करून तुकडीची फळी मोडली. नौकेला इजा झाली नाही. त्या वेळी त्यांच्या नावावर पाच विमाने लागली. पुढे जपानी नोंदी तपासल्यावर प्रत्यक्ष पाडलेली विमाने तीन मानली जाऊ लागली. मात्र नौका वाचवण्याचे त्यांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. २१ एप्रिल १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत त्यांना पदक प्रदान झाले आणि लेफ्टनंट कमांडरपदी बढती मिळाली.

१९४३ मध्ये मार्कस व वेक बेटांवरील हल्ल्यांत त्यांनी भाग घेतला. त्यानंतर ‘एंटरप्राइझ’ नौकेवरील विमानदलाचे ते प्रमुख झाले. जपानी विमाने अंधारात टॉर्पेडो घेऊन येत, तेव्हा नौकांपाशी केवळ तोफांचा आधार उरे. त्यावर रडार बसवलेल्या ‘ॲव्हेंजर’ विमानाने वाट दाखवायची आणि दोन ‘हेलकॅट’ विमानांनी हल्ला करायचा, ही पद्धत आखण्यात त्यांचा पुढाकार होता. २६ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री गिल्बर्ट बेटांजवळ अशाच मोहिमेचे नेतृत्व करताना गोळीबारात त्यांचे विमान समुद्रात पडले. आपल्याच बाजूची गोळी लागल्याचा समज दीर्घकाळ होता. नंतरच्या संशोधकांनी ती जपानी विमानातील तोफचीची गोळी असणे अधिक संभवनीय मानले. शोध घेऊनही त्यांचा मृतदेह मिळाला नाही. या मोहिमेसाठी त्यांना मरणोत्तर ‘नेव्ही क्रॉस’ देण्यात आला.

१९४५ मध्ये एका विनाशिकेला आणि १९४९ मध्ये शिकागोच्या ऑर्चर्ड फील्ड विमानतळाला त्यांचे नाव देण्यात आले. हाच आजचा ओहेअर आंतरराष्ट्रीय विमानतळ होय.